केळ्याचा वास

सोमवार

पक्की बातमी अशी, की मी नापास झाले. सेफ्टीच्या मॅडमनी स्वतः सांगितलं, आणि फोरमननं तेच सगळ्या वेल्डिंग शॉपला ऐकू जाईल अशा आवाजात परत सांगितलं. म्हणजे कुणाला शंका राहायला नको.

घरी आल्यावर मी इतकी बडबडले की आई म्हणाली, "तोंडानं बोलतेस ते सगळं एका वहीत लिहून काढ बाई. आमच्या कानांना सुट्टी मिळेल." म्हणून ही वही.

तर झालं असं. आमच्याकडे स्टेनलेसच्या टाक्या बनतात, आत माणूस उभा राहील एवढ्या. या वेळच्या गिऱ्हाइकाची अट आहे की टाकीच्या आत वेल्डिंग करणाऱ्या प्रत्येकाला पंख्याचा मास्क हवा, आणि तो त्याच्या तोंडाला नीट बसतो हे तपासलेलं हवं. पंख्याचा मास्क म्हणजे कमरेला पट्टा, पट्ट्यावर डबा आणि डब्यात बॅटरीवर फिरणारा पंखा. तो हवा गाळून नळीतून रबरी मास्कमध्ये सोडतो. वरून आपलं नेहमीचं हेल्मेट. मालकांनी खोकी भरून मास्क आणले, सगळे एकाच मापाचे.

तपासणीसाठी छताला एक मोठी पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी उलटी टांगली होती. मास्क लावून तिच्यात उभं राहायचं. मॅडम मास्कचा रोजचा फिल्टर काढून दुसरीच डबी लावतात (का, ते मी विचारलं नाही) आणि पिशवीत एक ओला कागद अडकवतात. त्याला केळ्याचा वास असतो. खरं केळं नाही, तसल्या वासाचं तेल. मग आपण श्वास घ्यायचा, मान इकडेतिकडे फिरवायची, वाकायचं, दिलेला उतारा मोठ्यानं वाचायचा. वास आला तर मास्क कुठून तरी गळतोय. नाही आला तर पास.

फोरमन म्हणाला, "पंखा चालू ठेवून घ्या ना मॅडम. कामात चालूच असतो."

"तोंडाला घट्ट बसणाऱ्या मास्कची तपासणी पंखा बंद ठेवूनच होते," मॅडम म्हणाल्या. "आत बॅटरी गेली तर बाहेर येईपर्यंत ती रबराची कडच तुमची असते."

फोरमननं घड्याळाकडे बघून उसासा टाकला. त्यानं मॅडमना एकच सकाळ दिली होती. मॅडमच्या पेटीत झाकणाच्या दोन बरण्याही होत्या. त्या बाहेर काढल्या तर म्हणाला, "हे खेळ राहू द्या. बारापर्यंत सगळे उरकायचेत." बरण्या परत पेटीत गेल्या.

पहिले बाबा. माझे वडील, आणि हे कामही मला त्यांनीच शिकवलं. शॉपमधले सगळ्यात जुने वेल्डर. मान फिरवली, वाकले, उतारा वाचला. "काही नाही." दर वेळी तेच, "काही नाही." मॅडम खूष. म्हणाल्या, "बघून घ्या सगळ्यांनी. मास्क बसावा तर असा." माझी मान ताठ झाली.

मग मी. सरळ उभी होते तोवर ठीक. मान डावीकडे वळवली आणि केळं आलं. हनुवटीखालून, थेट नाकात.

"वास येतोय."

पट्टे आवळले. परत तेच.

"अगं चिमणे, मनाचे खेळ असतात ते," फोरमन म्हणाला. माझं तोंड लहान, म्हणून शॉपमध्ये मी चिमणी. "नीट श्वास घे."

"नीटच घेतलाय. केळं आहे."

"कच्चं की पिकलेलं?"

सगळे हसले. मी म्हटलं, "पिकलेलं, आणि सोललेलं. खायचंय का?"

आता हसो कुणीही, नापास मीच.

मंगळवार

मला टाकीतून बाहेर काढलं. दिवसभर बाहेर उभी राहून दुसऱ्यांच्या जोडांवर ग्राइंडर मारला. टाकीच्या आतल्या कामापर्यंत पोचायला मला किती वर्षं लागली, ते या फोरमनला माहीत आहे. "बाईमाणूस आत गुदमरेल" म्हणणारा हाच. गुदमरले नाही, तर आता तोंडाचं माप काढलं.

दुपारी त्यानं मला बाजूला घेतलं. अगदी गोड आवाजात. "हे बघ, गिऱ्हाइकाचा माणूस यायच्या आत सगळ्यांचे कागद पास लागतात. परत एकदा पिशवीत जा, आणि काही नाही म्हण. तुझ्या नाकात कोण शिरून बघणार आहे?"

"आणि टाकीतला धूर शिरला तर?"

"पंखा असतो की."

"पंखा असतो तर मग तपासणी कशाला?"

तो गेला. गोड आवाज सोबत घेऊन गेला.

याचा राग नाही. तो तसलाच आहे. राग याचा, की घरी परतताना बाबाही तेच म्हणाले.

"पोरी, म्हण ना काही नाही. काय जातंय तुझं?"

मी रस्त्यातच थांबले. हे बाबा! पहिल्या वर्षी माझ्या एका जोडात आत भोक राहिलं होतं, आणि मी वरून ग्राइंडर मारून ते चकाचक केलं होतं. तेव्हा त्यांनी तो जोड सगळ्यांसमोर कापायला लावला. "वरून झाकलेलं भोक ही चोरी असते," असं म्हणाले होते. मी तेच त्यांना ऐकवलं.

ते म्हणाले, "ते वेगळं. तू आत नसलीस तर मला..." आणि भराभर चालायला लागले.

त्यांना मदतनीस हवी, दुसरं काय. वायर ओढायला, रॉड हातात द्यायला. त्यासाठी मी खोटं बोलू?

गुरुवार

दाढीनं आज शॉपला करमणूक दिली. दाढी म्हणजे आमचा दुसऱ्या टाकीवरचा वेल्डर. नाव दाढीवरूनच पडलंय. सोमवारी तो रजेवर होता, म्हणून त्याच्या तपासणीची पाळी आज. मॅडमनी त्याला पिशवीत उभंच केलं नाही. रबराची कड केसांवर बसत नाही, दाढी काढल्याशिवाय तपासणी नाही.

"मॅडम, ही दाढी माझ्या लग्नात होती," तो म्हणाला. "बायकोनं दोघांना एकत्र पसंत केलंय."

मॅडमना हसू आलं. मग त्यांनी सांगितलं की सैलसर टोपासारखाही पंख्याचा मास्क येतो. डोक्यावरून खाली येतो, तोंडाला चिकटत नाही. त्याला ही तपासणी लागत नाही, दाढी असली तरी चालते, तोंड लहान असलं तरी चालतं. त्यांनी मालकांना तोच सुचवला होता, पण खोकी आधीच आली होती.

म्हणजे माझ्या तोंडात दोष नाही! तीन दिवस मी आरशात हनुवटी बघतेय. मी दाढीला म्हटलं, "मग आपण दोघं टोपच मागू." तो म्हणाला, "ताई, तू पुढे हो, मी मागे आहे. माझ्या दाढीसकट."

घरी आले तर घरभर करपलेला वास. आई शेजारी गेली होती. दूध उतू जाऊन, आटून, पातेल्याच्या बुडाशी काळं झालेलं. आणि बाबा तिथेच, शेगडीपासून हातभर अंतरावर पाठ करून बसून चपला दुरुस्त करत होते.

"बाबा! ध्यान कुठे आहे?"

ते दचकून उठले. आधी शेगडी बंद केली, मग खिडकी उघडली. मी अजून त्यांच्याशी नीट बोलत नव्हते, म्हणून जास्तच बोलले. म्हटलं, उद्या घर पेटलं तरी तुम्ही चपला शिवत बसाल. आईनं येऊन पातेलं बघितलं. मला वाटलं आता भडका उडणार. तर तिनं पातेलं भिजत घातलं आणि मलाच म्हणाली, "झालं ना? पुरे."

शनिवार

मॅडम डबा खायला माझ्याजवळ येऊन बसल्या. मी विचारलं, त्या बरण्या कसल्या?

म्हणाल्या, "तपासणीच्या आधीची तपासणी. एका बरणीत साधं पाणी. दुसरीत पाणी आणि त्यात केळ्याच्या तेलाचा अगदी पुसटसा वास. माणसानं सांगायचं, वास कुठल्या बरणीत आहे. मग पिशवीत उभं करायचं."

"मग सोमवारी घेतली का नाही?"

त्यांनी डब्याचं झाकण लावलं, उघडलं, परत लावलं. "मी ऐकायला नको होतं त्याचं. मला वाटलं, वास तर सगळ्यांनाच येतो."

बरं वाटलं. निदान एक माणूस तरी आपलं चुकलं म्हणतो.

फोरमनचा निरोप आहे. पुढच्या आठवड्यात पासच्या कागदावर सही केली नाही तर या टाकीवर माझ्या जागी नवा माणूस, आणि मी कायमची ग्राइंडरवर. बघू. कागद त्याचा, पण सही माझी आहे.

रविवार

घरी. बाबांशी कामापुरतं बोलणं.

बाबा दिवसेंदिवस चिकित्सक होत चाललेत. बाहेर पडताना "गॅस बंद आहे का बघ". आल्यावर "गॅस बघ". झोपताना परत. मी म्हटलं, तुम्हीच बघा ना, हात लावून. तर बटण तपासतात आणि तरी म्हणतात, "तू एकदा ये इकडे. उभी राहा जरा." उभी राहून काय करू? पहारा?

आणि जेवताना हल्ली सगळंच छान. आई भाजी खारट करो, अळणी करो, "छान झालंय." पूर्वी हाच माणूस अंगणात पाऊल टाकतानाच सांगायचा आज काय शिजलंय ते. शॉपमध्ये पत्रा नुसता जवळ आणला तरी म्हणायचे, तेल लागलंय याला, पुसून घे. आता पत्रा मला देतात. "तू बघ, तुझी नजर चांगली आहे." वय झालं की माणूस मऊ होतो म्हणतात. इतका मऊ, की खोटं बोल म्हणून सांगतो.

मंगळवार



टाकीत माणूस असला की वर तोंडाशी दुसऱ्यानं उभं राहायचं असतं. आज ते काम मला दिलं. आत बाबा एकटेच, गुडघ्यावर बसून तळाचा जोड भरत होते. हेल्मेट खाली, पंख्याचा मास्क आत. मी वरून वायर सोडत होते आणि नाकात रबर जळल्याचा वास आला. आधी वाटलं बाहेरून येतोय. मग वाकून बघितलं, तर त्यांच्या गुडघ्याखालची गादी कडेनं धुमसत होती आणि पँटला लाल किनार धरली होती.

ओरडले. ऐकू जाणं शक्यच नव्हतं. हातोडी घेतली आणि टाकीवर दाणदाण मारली. आमची खूण आहे ती, हातोडी ऐकली की बाहेर. त्यांनी हेल्मेट वर केलं, माझ्याकडे बघितलं, माझं बोट कुठे आहे ते बघितलं, आणि मग गुडघ्याकडे. हातमोज्यानं आग दाबली. वर आले तेव्हा पँटला भोक आणि कातडी लाल. थोडक्यात निभावलं.

"कसं कळलं तुला?" बाबांनी विचारलं.

"कसं म्हणजे? वास आला. बाहेरपर्यंत येत होता."

त्यांनी मान हलवली. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवला, काळा हातमोजा घातलेलाच. शॉपमध्ये असं ते कधी करत नाहीत. मला लाज वाटली.

मॅडम मलम घेऊन धावत आल्या. मी म्हटलं, "मॅडम, मास्क काय बसलाय बाबांना! मला बाहेर वास आला, आणि त्यांना आत काहीच नाही."

मॅडमचा हात थांबला. "रोजचा फिल्टर वास अडवत नाही गं. धुराचे कण अडवतो. वास येतोच. म्हणून तर तपासणीला ती दुसरी डबी लावते मी."

"म्हणजे ती डबी काढायची राहिली!" मी उसळले. "धूर सरळ आत गेला मग!"

त्यांनी जाऊन बघितलं. फिल्टर बरोबर होता. परत येऊन बाबांना विचारलं, "सर्दी झाली होती का तुम्हाला?"

"नाही," बाबा म्हणाले, आणि पँट बदलायला गेले.

बुधवार

रात्रभर विचार केला आणि उलगडा झाला.

बाबा पिशवीत खोटं बोलले. त्यांनाही केळं आलं असणार. एकच माप, मग सगळ्यांच्या तोंडाला कसं बसेल? सगळेच खोटं बोलले. ज्यानं मला "काही नाही म्हण" सांगितलं, त्यानं आधी स्वतः म्हटलं असणार. काल वास आला नाही, तो कामात बुडून गेल्यामुळे. ते तसेच आहेत, दूध उतू जातं तरी कळत नाही.

म्हणून आज मी बोलले. मालक शॉपमध्ये आले होते आणि फोरमन त्यांना पासचे कागद दाखवत होता. मी ग्राइंडर खाली ठेवला.

"साहेब, यातला एक कागद रिकामा आहे. तो माझा. मी सही करणार नाही."

"चिमणे, नंतर," फोरमन.

"नंतर नाही. तपासणी अर्धी झालीय. सुरुवातीला बरण्यांची तपासणी असते, ती घेतलीच नाही. मॅडमना विचारा. सगळ्यांची परत घ्या, बरण्यांपासून. आणि ज्यांना मास्क बसत नाही त्यांना टोप द्या. नाहीतर टाकीत मी जाणार नाही, आणि जायची नाही म्हणून ग्राइंडरवरही राहणार नाही. बाहेर गेटवर उभी राहीन, गिऱ्हाइकाचा माणूस येईल तेव्हा."

मालकांनी मॅडमकडे बघितलं. मॅडम पांढऱ्या पडल्या होत्या, पण म्हणाल्या, "तिचं बरोबर आहे. मी तो टप्पा गाळला. परत घ्यायला हवी."

"मीही सही करणार नाही," मागून दाढी.

"तुझा कागदच नाही!" फोरमन ओरडला.

"म्हणूनच तर करणार नाही."

मालक हसले नाहीत. म्हणाले, "ठीक. सोमवारी सगळ्यांची परत. बरण्या, पिशवी, सगळं. जो नापास होईल तो टाकीच्या बाहेर. मग तो कितीही जुना असो."

मी जिंकले. वळून बाबांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. हातातला रॉड त्यांनी होल्डरमध्ये लावला, काढला, परत लावला.

घरी आल्यावर भांडण. खरं तर भांडण नाही, एकच वाक्य. "बरण्यांचं कशाला काढलंस?" मी म्हटलं, खरं बोलायला घाबरता का? ते जेवण अर्धं टाकून उठले. आई माझ्याकडे अशी बघत राहिली, जसं काही मीच घरातलं पातेलं जाळलं.

गुरुवार

घरात फक्त भांडी बोलतात.

शुक्रवार

कसं लिहू कळत नाही. जसं झालं तसं लिहिते.

सकाळी मी अंगणात ब्रश साफ करत होते. दाराला रंग लावायचा आईनं धोशा लावलाय. चिंधी थिनरमध्ये बुडवलेली. डोळ्यांना पाणी येईल असा उग्र वास. बाबा आले आणि समोर पायरीवर बसले. डोळे मिटले.

"धर माझ्या नाकाखाली."

"काय?"

"जे हातात आहे ते. धर."

मला वाटलं चेष्टा करतायत. चिंधी धरली. त्यांनी खोल श्वास घेतला. माझंच डोकं गरगरलं, आणि ते शांत बसलेले. मग म्हणाले, "पाणी?"

मी चिंधी खाली टाकली.

"साबणाचं पाणी?" त्यांनी परत विचारलं. डोळे मिटलेलेच. मग उघडले आणि माझा चेहरा बघून म्हणाले, "बरं. म्हणजे बराच उग्र होता."

पूर्वी मोठ्या टाक्यांचं एक काम आलं होतं तेव्हापासून, म्हणाले. तेव्हा मास्क-बिस्क काही नव्हतं, तोंडाला फडकं बांधायचे. आधी वास कमी झाला, मग अधूनमधून यायला लागला, मग यायचाच बंद झाला. कुणाला सांगितलं नाही. वास न येणाऱ्या माणसाला टाकीत कोण सोडेल? वास थोडाफार येत होता तेव्हाच मी शॉपमध्ये आले, त्यांच्याबरोबर आत जायला लागले. काही जळलं, काही गळलं, की मी आधी ओरडायचे. "तुझ्या जिवावर निभावलं इतकी वर्षं," ते म्हणाले. मी म्हणायचे, बाबांना मदतनीस हवी.

आतून आई म्हणाली, "मला विचारायचंत की. मी आठ दिवस अळणी वाढून बघितलं होतं." स्वयंपाकघरातून, पोळपाट न थांबवता.

म्हणजे पिशवीत ते खोटं बोललेच नव्हते. काही नाही म्हणाले, कारण त्यांना खरंच काही नव्हतं. मास्क त्यांना बसतो की नाही, कुणालाच माहीत नाही. आणि मी वहीत काय काय लिहून ठेवलंय. फाडावंसं वाटलं. फाडणार नाही.

मी म्हटलं, "मी उद्या मालकांना सांगते, बरण्या नकोत. माझी चूक झाली म्हणते. सही करते."

"कर," बाबा म्हणाले. "वरून ग्राइंडर मार आणि चकाचक कर."

मी खाली पडलेली चिंधी उचलली.

"मागे घेतलंस तर माझ्याशी बोलू नकोस, पोरी. आठवडाभर बोलली नाहीस, ते तरी मी खोटं बोलायला सांगितलं म्हणून. आता खरं सांगितलंय तर ऐक." मग म्हणाले, "फोरमनला सांग, पहिलं नाव माझं लिही. मागच्या वेळीही पहिलाच होतो."

रविवार

उद्याचं जेवढं ठरलंय तेवढं असं.

बरण्यांची तपासणी ऑफिसशेजारच्या खोलीत होणार, पिशवीपासून लांब, म्हणजे आधीच नाकात केळं बसायला नको. मॅडमनी मला काल गेटवर गाठलं आणि हळूच विचारलं, "तुला आता कळलंय ना?" त्यांना मंगळवारीच संशय आला होता. मी म्हटलं, मला कळलंय आणि बाबा स्वतः सांगणार आहेत. तुम्ही फक्त लिहा. त्या म्हणाल्या, लिहीन, आणि त्यांना डॉक्टरांकडेही मीच घेऊन जाईन. बाबांना टाकीतून काढतील, हे नक्की. बाहेर कुठलं काम देतील की देणारच नाहीत, ते मालकांनी सांगितलेलं नाही. दोन टोप नमुन्याला मागवलेत. एक दाढीसाठी, एक माझ्यासाठी. दाढीनं विचारलं, "ताई, टोपातून माझी दाढी दिसेल ना?"

फोरमननं काल बाबांना समजावून बघितलं. त्याला कुणी सांगितलं माहीत नाही, बहुतेक बाबांनीच. म्हणाला, "मामा, दोनच बरण्या आहेत. एकीवर बोट ठेवा. अर्धी बाजी तशीही तुमचीच. एवढ्या वर्षांत तुमचा एक जोड गळला नाही, या पाण्यासाठी कशाला घालवता?" खरं सांगायचं तर त्याचा आवाज गोड नव्हता. घाबरलेला होता. दोघं एकाच वर्षी कामाला लागलेले.

बाबा म्हणाले, "जोड गळला नाही, कारण कधी अंदाजानं भरला नाही."

आईनं त्यांचा शर्ट काढून ठेवलाय, बाहेर जाताना घालायचा तो. मी म्हटलं, अगं, शॉपमध्ये जायचंय. ती म्हणाली, "मला माहीत आहे कुठे जायचंय."

उद्या पाळी सुरू झाली की बाबा त्या खोलीत जातील. मॅडम पहिली बरणी हलवतील, झाकण उघडतील, नाकाखाली धरतील. मग दुसरी. दार उघडं ठेवायला बाबांनी सांगितलंय. सगळी शॉप बाहेर उभी असेल, मालकही. विचारलं जाईल, केळं कुठल्या बरणीत आहे? आणि बाबा कुठल्याच बरणीवर बोट ठेवणार नाहीत. मोठ्यानं सांगतील, की मला कळत नाही, आणि का कळत नाही तेही.

त्यांच्यामागे दुसरा नंबर माझा. मला वास येणार आहे, आणि मी तसं सांगणार आहे.